‘बॅरेज’ : पाणी अडवणे आणि माणसांची अडवणूक

दरवर्षी १ जुलै रोजी नांदेड जिल्ह्याच्या धर्माबाद तालुक्यात बाभळी येथे गोदावरीवरील बंधाऱ्याचे दरवाजे वर उचलले जातात. त्या दिवसापासून २८ ऑक्टोबरपर्यंत नदी अडवण्याचा अधिकार महाराष्ट्राला राहत नाही. पावसाळ्याचे चार महिने काँक्रीटचे खांब पात्रात उभे असतात, त्यांच्यामधून पुराचे पाणी राज्याची सीमा ओलांडून तेलंगणातील श्रीरामसागर जलाशयाकडे निघून जाते, आणि काठावरची गावे ते पाहत राहतात. या बांधकामाला शासकीय कागदपत्रांत ‘बाभळी बॅरेज’ असे नाव आहे. लातूर जिल्ह्यात मांजरा आणि तेरणा या नद्यांवर अशा बॅरेजेसची मालिकाच उभी आहे. नागझरी, साई, खरोळा, वांजरखेडा, डोंगरगाव, भुसणी, होसूर ही गावे आता त्या भागात बॅरेजच्या नावानेच ओळखली जातात.

हाच ‘बॅरेज’ शब्द नांदेडच्या किंवा लातूरच्या महाविद्यालयातील विद्यार्थी इंग्रजी वृत्तपत्रात वाचतो, तेव्हा त्याला वेगळेच काही भेटते. युक्रेनमधील एखाद्या शहरावर क्षेपणास्त्रांचा ‘बॅरेज’ झाला, किंवा सभागृहात मंत्र्यांवर प्रश्नांचा ‘बॅरेज’ झाला, असे तेथे छापलेले असते. मराठीत या अर्थाला ‘भडिमार’ किंवा ‘सरबत्ती’ असे अस्सल शब्द आहेत. मग जो शब्द तोफांच्या भडिमाराला लागू पडतो, तोच नदीवरच्या बंधाऱ्यालाही कसा लागू पडतो? हा प्रश्न केवळ भाषाशास्त्रज्ञांच्या कुतूहलाचा नाही. या शब्दाने गेल्या पावणेदोनशे वर्षांत जो प्रवास केला, त्यात मराठवाड्याच्या पाणीप्रश्नाचे मर्म दडलेले आहे.

अडसराचे कूळ

‘बॅरेज’ हा शब्द मूळचा फ्रेंच. ‘बार’ म्हणजे आडवा दांडा; त्यावरून अडवणे या अर्थाचे क्रियापद आणि त्या क्रियापदावरून ‘बॅरेज’ हे नाम तयार झाले. जुन्या वाड्याच्या दरवाजाला आतून लावला जाणारा लाकडी अडसर डोळ्यांसमोर आणला की या शब्दाचा मूळ अर्थ उमगण्यासाठी कोश उघडण्याची गरज उरत नाही. न्यायालयातील कठड्यावरून आलेली ‘बॅरिस्टर’ ही पदवी आणि रस्ता रोखणारा ‘बॅरिअर’ ही मंडळी याच घराण्यातली. या मूळ अर्थात हल्ल्याचा लवलेशही नाही. दार बंद करणे, वाट रोखणे, प्रवाहाला आडवे जाणे, एवढाच तो अर्थ होता.

इंग्रजीत हा शब्द एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला आला तो नाईल नदीवरून. इजिप्तचा सत्ताधीश महंमद अली याने कैरोच्या उत्तरेस, नाईलचे दोन फाटे होतात तेथे, फ्रेंच अभियंत्यांकरवी नदीवर आडवे बांधकाम आरंभले. उन्हाळ्यात नदीची पातळी खाली जाई आणि कालव्यांत पाणी चढत नसे. परंतु त्याच हंगामात कापसाला पाणी हवे असे, आणि कापूस हे युरोपच्या गिरण्यांसाठी रोकड मिळवून देणारे पीक होते. म्हणून नदीची पातळी दरवाज्यांनी वर उचलायची, असा तो बेत होता. त्यासाठी इजिप्तच्या शेतकऱ्यांना वेठीस धरण्यात आले. १८४० च्या दशकात सुरू झालेले हे काम १८६१ च्या सुमारास पुरे झाले, पण पाया इतका कच्चा होता की पाण्याचा पूर्ण भार त्यावर टाकण्याची कोणाची छाती होईना. १८८२ मध्ये ब्रिटिशांनी इजिप्त ताब्यात घेतल्यावर भारतातील कालव्यांच्या कामावर तयार झालेले अभियंते तेथे नेण्यात आले. कॉलिन स्कॉट-मॉन्क्रीफ यांच्या देखरेखीखाली १८९० पर्यंत त्यांनी ते बांधकाम दुरुस्त केले. रोकड पीक, वेठीची मेहनत आणि दूरच्या राजधानीत आखलेला बेत ही या पहिल्या ‘बॅरेज’ची जन्मपत्रिका होय.

स्कॉट-मॉन्क्रीफ यांच्या सहकाऱ्यांपैकी एक विल्यम विलकॉक्स. त्यांचा जन्म भारतातला आणि शिक्षण रुडकीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातले. पुढे तुर्की सरकारसाठी त्यांनी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, युफ्रेटिस नदीवर हिंदिया येथे बॅरेजची योजना आखली. ते बांधकाम १९१३ मध्ये पूर्ण झाले. अवघ्या एका वर्षात महायुद्धाला तोंड फुटले आणि हिंदी सैन्य बसरा बंदरात उतरले. पुणे डिव्हिजनबरोबर मराठा पलटणी टायग्रिसच्या काठाने वर सरकल्या, कूत येथे वेढ्यात सापडल्या आणि एप्रिल १९१६ मध्ये तेथील सैन्याला शरणागती पत्करावी लागली. ज्या भूमीत शेतीसाठी पाण्याचा बॅरेज नुकताच उभा राहिला होता, त्याच भूमीत तोफांचा बॅरेज येऊन थडकला.

तोफांनी घेतलेला अर्थ

हा दुसरा अर्थही फ्रेंचांकडूनच आला. शत्रूच्या पायदळाला पुढे येता येऊ नये म्हणून एका ठराविक रेषेवर तोफगोळ्यांचा अखंड मारा करायचा आणि आगीची भिंत उभी करायची, या पद्धतीला फ्रेंच लष्कराने ‘अडवणुकीचा मारा’ अशा अर्थाचे नाव दिले. इंग्रजांनी ते उचलताना अर्धेच उचलले. त्यांनी ‘मारा’ हा शब्द गाळला आणि ‘अडवणूक’ हा शब्द ठेवला. पण व्यवहारात असे झाले की जो शब्द ठेवला त्यालाच गाळलेल्या शब्दाचा अर्थ चिकटला. आडवा येणारा बांध म्हणजे अंगावर येणारा हल्ला, असे भाषेतले स्थित्यंतर दोन-तीन वर्षांत घडून गेले. त्यानंतर प्रश्नांचा, टीकेचा, जाहिरातींचा बॅरेज म्हणायला कितीसा वेळ लागणार?

या युद्धात त्या पद्धतीला एक नवे रूप मिळाले. आगीची भिंत एका जागी न ठेवता ती हळूहळू पुढे सरकवायची आणि तिच्या मागोमाग आपल्या सैनिकांनी चालत जायचे. ही भिंत केव्हा किती यार्ड पुढे सरकणार याचे वेळापत्रक मुख्यालयात आधीच ठरलेले असे. रणभूमीवर काय घडते आहे हे मागच्या तोफखान्याला कळण्याचे भरवशाचे साधन नव्हते. १ जुलै १९१६ रोजी फ्रान्समधील सोमच्या लढाईत तोफांचा मारा वेळापत्रकाप्रमाणे शत्रूच्या खंदकांवरून पुढे सरकला. पायदळ मात्र अजून मधल्या मोकळ्या मैदानातच होते. शत्रूच्या मशीनगनवाल्यांनी डोके वर काढले. त्या एका दिवसात ब्रिटिश सैन्याचे ५७ हजारांवर सैनिक हताहत झाले. त्यांत १९ हजारांहून अधिक मृत्यू होते. वेळापत्रक पाळले गेले होते, पण ज्यांच्यासाठी ते आखले होते त्यांच्याकडे घड्याळ हातात धरणारा कोणी पाहत नव्हता.

या जीवितहानीशी पाण्याच्या प्रश्नाची तुलना करण्याचा अविवेक कोणी करणार नाही. परंतु व्यवस्थेच्या कार्यपद्धतीपुरता बोध येथे आहे. बॅरेज तोफांचा असो की पाण्याचा, त्याची कळ कोणाच्या हाती आहे, ती कशावरून फिरवली जाते आणि प्रत्यक्ष मैदानात उभा असलेल्या माणसाचे म्हणणे कळ फिरवणाऱ्यापर्यंत पोचते की नाही, यावर सारे अवलंबून असते.

धरण, बंधारा आणि बॅरेज

मराठीला पाण्याचे तीन शब्द ठाऊक होते. धरण पाणी धरते, बंधारा ते बांधून ठेवतो आणि बांध शेतातल्या शेतात ते थोपवतो. मागणी मान्य होईपर्यंत दारात ठाण मांडून बसणे याला मराठीने ‘धरणे’ म्हटले, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे. ‘बॅरेज’ मात्र अभियंत्यांच्या आराखड्यातून आला आणि जसाच्या तसा रुळला. त्याची रचनाही वेगळी आहे. धरणात भिंत मुख्य आणि दरवाजे दुय्यम असतात. बॅरेजमध्ये जवळजवळ सारेच काम दरवाज्यांचे असते. ते पाणी नदीच्या पात्रातच साठवते, म्हणून गावे बुडत नाहीत, विस्थापितांचा प्रश्न फारसा उभा राहत नाही. ही त्याची मोठीच जमेची बाजू आहे.

मराठवाड्यात यापूर्वी कोल्हापुरी पद्धतीचे बंधारे बांधले गेले. पावसाळा संपला की खांबांच्या खाचांत बर्गे टाकायचे आणि पावसाळ्याआधी ते काढायचे. कोल्हापूरकडे नदीला पावसाळ्यानंतरही वाहते पाणी असते, तेथे हे जमून गेले. मराठवाड्यात पाऊस लहरी. पुष्कळदा सप्टेंबरच्या शेवटी किंवा ऑक्टोबरच्या आरंभी परतीचा एकच मोठा पाऊस येतो आणि दोन-चार दिवसांत नदी ओसरते. बर्गे आधी टाकावेत तर पुराने वाहून जाण्याचे भय, उशिरा टाकावेत तर अडवायला पाणी उरत नाही. शिवाय बर्गे चोरीस जाणे, गंजणे आणि वेळेवर न बसणे हे नित्याचेच. म्हणून मांजरा-तेरणेवरील अनेक कोल्हापुरी बंधाऱ्यांचे रूपांतर यांत्रिक दरवाज्यांच्या बॅरेजमध्ये करण्यात आले. पुराच्या शेवटच्या लाटेची वाट पाहायची आणि ती निसटण्यापूर्वी दरवाजे खाली सोडायचे, हेच या यंत्रणेचे खरे सामर्थ्य आहे. थोडक्यात, बॅरेज हे वेळ साधण्याचे साधन आहे.

बाभळी : पंचांगाने बांधलेली नदी

आणि नेमकी तीच मुभा बाभळीला नाही. या वादाचे मूळ राज्यपुनर्रचनेपर्यंत जाते. नांदेड आणि निजामाबाद हे जिल्हे १९५६ पर्यंत हैदराबाद या एकाच राज्यात होते. नंतर त्यांच्यामध्ये राज्यांची सीमा आली आणि गोदावरी दोन सरकारांची झाली. सीमेपलीकडे पोचमपाड येथे श्रीरामसागर धरण उभे राहिले. त्याची मूळ नियोजित क्षमता ११२ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. त्याच्या फुगवट्यासाठी नांदेड जिल्ह्यातीलही जमीन गेली. ६ ऑक्टोबर १९७५ च्या करारान्वये पैठण आणि सिद्धेश्वर या धरणांच्या खाली पोचमपाडपर्यंतच्या खोऱ्यात महाराष्ट्राला नव्या प्रकल्पांसाठी ६० टीएमसी पाणी वापरण्याची मुभा मिळाली आणि गोदावरी पाणीतंटा लवादाने तो करार आपल्या निवाड्यात समाविष्ट केला.

त्या ६० टीएमसीमधील २.७४ टीएमसी अडवण्यासाठी बाभळीचा बॅरेज हाती घेतला गेला. श्रीरामसागरच्या मूळ क्षमतेशी तुलना केली तर हे प्रमाण अडीच टक्क्यांच्या आतबाहेर येते. आंध्र प्रदेशाने २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. २००७ च्या अंतरिम आदेशाने बांधकामाला वाट मिळाली, पण दरवाजे बसवण्यास मनाई झाली. ज्या बांधकामाचे सर्वस्व दरवाजे, ते दरवाज्यांविना उभे राहिले. जुलै २०१० मध्ये आंध्रचे विरोधी पक्षनेते चंद्राबाबू नायडू आपल्या सहकाऱ्यांसह बाभळीकडे निघाले आणि त्यांना धर्माबादेत अटक झाली. दोन्ही बाजूंच्या वृत्तपत्रांत आणि सभांत आरोपांचा भडिमार सुरू झाला. पाण्याचा बॅरेज राहिला बाजूला. इंग्रजी कोशातला दुसरा अर्थच तेथे खरा ठरत होता.

२८ फेब्रुवारी २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. महाराष्ट्राचा २.७४ टीएमसीचा हक्क मान्य झाला. मात्र १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे वर उचललेले असावेत, १ मार्च रोजी ०.६ टीएमसी पाणी खाली सोडावे आणि केंद्रीय जल आयोग व दोन्ही राज्ये यांच्या त्रिसदस्य समितीने देखरेख करावी, अशा अटी घातल्या गेल्या. २०१४ मध्ये तेलंगण राज्य झाल्यावर पलीकडचा पक्षकार बदलला. अटी तशाच राहिल्या. वादाची तड लागली, ही समाधानाची गोष्ट होती. खालच्या राज्यातील शेतकऱ्याला पुराच्या पाण्याची हमी मिळणे हेही न्यायाला धरूनच आहे. निजामाबादचा किंवा जगित्यालचा शेतकरी हा धर्माबादच्या शेतकऱ्याचा शत्रू नव्हे. दोघेही एकाच नदीचे आणि एकाच लहरी पावसाचे कूळ आहेत.

परंतु नदी दिनदर्शिका पाहून वाहत नाही. मोसमी पाऊस मराठवाड्यातून साधारणतः ऑक्टोबरच्या मध्यास माघारी फिरतो. २९ ऑक्टोबरला दरवाजे खाली येतात तेव्हा पुष्कळ वर्षी पात्रात अडवण्याजोगा प्रवाहच उरलेला नसतो. याउलट चांगल्या पावसाच्या वर्षी श्रीरामसागर भरून त्याचे दरवाजे उघडलेले असतात, पाणी पुढे समुद्राकडे वाहत असते, आणि तरीही बाभळीचे दरवाजे वरच असतात. ज्या दिवशी खालचे धरण भरून सांडते आहे, त्या दिवशी वरच्या बंधाऱ्याने २.७४ टीएमसी अडवले तर कोणाचे नुकसान होते? या प्रश्नाचे उत्तर तारखेत नाही, जलाशयाच्या पातळीत आहे. तारखेऐवजी पातळी आणि प्रवाह हा निकष दोन्ही राज्यांनी परस्परसंमतीने ठरवावा आणि न्यायालयापुढे संयुक्तपणे मांडावा, ही मागणी प्रांताभिमानाची नसून शहाणपणाची आहे. त्यासाठी मुंबई आणि हैदराबाद येथील सरकारांनी परस्परांशी बोलावे लागेल, आणि मतांच्या राजकारणात बोलण्यापेक्षा भडिमार सोपा असतो, हीच खरी अडचण आहे.

लातूर : दरवाजे आपले, पाणी कोणाचे?

बाभळीची गाऱ्हाणी सांगताना एक सोय असते : दोष सीमेपलीकडे टाकता येतो. लातूरला ती सोय नाही. मांजरेवरचे दरवाजे महाराष्ट्राच्या जलसंपदा खात्याचे, त्यांची कळ लातूरच्याच माणसांच्या हाती. आणि तरीही मार्च २०१६ मध्ये लातूर शहरात पाण्याच्या टाक्यांभोवती आणि टँकर भरण्याच्या जागी जमावबंदीचे १४४ कलम लावावे लागले. पाच माणसांनी पाण्याजवळ एकत्र येऊ नये, असा हुकूम निघाला. ‘बॅरेज’ या शब्दाचा मूळ फ्रेंच अर्थ, वाट रोखणारा अडसर, इतक्या उघडपणे क्वचितच प्रकट झाला असेल. धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले होते, बॅरेजेस रिकामे होते, आणि १२ एप्रिल २०१६ रोजी सुमारे साडेतीनशे किलोमीटर अंतरावरील मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातूरला आली. दहा टाक्यांत पाच लाख लिटर पाणी होते. पुढे पन्नास टाक्यांच्या गाड्या येऊ लागल्या. त्यांची एक खेप २५ लाख लिटरची. २०११ च्या जनगणनेत पावणेचार लाखांहून अधिक लोकसंख्या असलेले हे शहर अनेक महिने त्या गाड्यांकडे डोळे लावून बसले.

येथे थोडा हिशेब मांडणे आवश्यक आहे. उसाला पाटपाण्याने वर्षभरात हेक्टरी सुमारे २० हजार घनमीटर पाणी लागते असे धरले, तर ते होते दोन कोटी लिटर. म्हणजे पन्नास टाक्यांच्या आठ रेल्वेगाड्या. माणशी दररोज ५५ लिटर हे ग्रामीण पाणीपुरवठ्याचे प्रमाण लावले, तर एक हेक्टर उसाच्या पाण्यात सुमारे एक हजार माणसांची वर्षाची गरज भागते. केंद्राच्या कृषिमूल्य आयोगाने उसाच्या किमतीविषयीच्या आपल्या अहवालात नोंदवले आहे की, महाराष्ट्रात लागवडीखालील क्षेत्राच्या चार टक्क्यांहून कमी क्षेत्रावर असलेला ऊस सिंचनाच्या पाण्यापैकी जवळजवळ ७० टक्के पाणी घेतो. एवढी आकडेवारी समोर असल्यावर २०१६ च्या टंचाईला केवळ ‘निसर्गाचा कोप’ म्हणणे हे निसर्गावर अन्याय करणारे आहे.

बॅरेजच्या पाण्याचे एक वैशिष्ट्य अर्थशास्त्राच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. धरणाला कालवे असतात, लाभक्षेत्र आखलेले असते, पाण्याची पाळी ठरलेली असते. तिची अंमलबजावणी कितीही सदोष असली तरी कागदावर का होईना दूरच्या शेतकऱ्याचा हक्क नोंदलेला असतो. बॅरेजला सहसा कालवा नसतो. पाणी पात्रात साठते आणि काठावरून उपसले जाते. साहजिकच ज्याची जमीन नदीकाठी, ज्याच्याकडे मोटार आणि पाइपलाइनसाठी भांडवल, ज्याला वीजजोडणी आणि उपशाचा परवाना मिळवता येतो, त्याचे ते पाणी होते. बांधकाम सार्वजनिक पैशाचे, नदी सार्वजनिक मालकीची, आणि लाभ मात्र भांडवलाच्या प्रमाणात. कोरडवाहू शेतकऱ्याला आणि भूमिहीन शेतमजुराला या हिशेबात जागाच नाही. उन्हाळ्यात टंचाई जाहीर झाली की प्रशासन काठावरच्या मोटारींची वीज तोडते. तोवर पाणी संपत आलेले असते आणि पिण्यासाठी राखून ठेवायचे ते शेतात जिरलेले असते.

पाणी अडवणे हे पुण्यकर्म असे म्हणत असतानाच माणसांची अडवणूक कशी सुरू होते, ती अशी. मराठीने या दोन क्रिया एकाच धातूपासून घडवल्या आहेत. ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा महाराष्ट्राने घरोघर पोचवली. अडवलेले पाणी वाटायचे कसे, याची घोषणा मात्र कोणी केली नाही.

दोष शेतकऱ्याच्या माथी नको

याचा अर्थ ऊस लावणारा शेतकरी गुन्हेगार आहे, असा काढणे अन्यायाचे होईल. तो हिशेबी माणूस आहे आणि हिशेब त्याला धोरणाने शिकवला आहे. उसाला कायद्याने ठरलेला दर असतो आणि तो विकत घेणारा कारखाना असतो. तूर, सोयाबीन, हरभरा ही लातूरच्या मातीची आणि बाजाराची पिके. त्यांना हमीभाव जाहीर होतो, पण खरेदीची हमी नसते. आडत्याच्या दारात पडेल त्या भावाने विकावे लागणाऱ्या पिकापेक्षा शेतकरी ऊस निवडतो, यात नवल ते काय? २०१६ च्या परतीच्या पावसाने मांजरा भरली आणि पुढील दोन-तीन हंगामांत उसाचे क्षेत्र पुन्हा वाढले, त्याचेही कारण हेच.

उपाय ठाऊक नाहीत असेही नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग केला. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता कुटुंबातील माणसांच्या प्रमाणात द्यायचे, भूमिहीनालाही त्यात वाटा असावा आणि उसाला पाणी देऊ नये, ही त्याची सूत्रे होती. १९७९ मध्ये दांडेकर, देऊस्कर आणि देशमुख यांच्या समितीने आठमाही पाणीवाटपाचा विचार मांडला. बारमाही पिकाने थोड्यांची चैन करण्यापेक्षा आठ महिन्यांचे पाणी अधिक लोकांना द्यावे, हे त्याचे सार. १९९९ च्या चितळे आयोगाने तुटीच्या खोऱ्यांत उसासारख्या पिकांना आवर घालण्याची शिफारस केली. २०१९ मध्ये खुद्द औरंगाबादच्या विभागीय आयुक्तांच्या अहवालाने मराठवाड्यात ऊस नको असे शासनाला कळवले. २००५ पासून पाणीवापर संस्थांचा कायदाही राज्यात आहे. शिफारशींचा बॅरेज तुडुंब आहे. खाली काही सोडले जात नाही एवढेच.

मराठवाड्यातील प्रत्येक बॅरेजच्या बाबतीत तीन गोष्टी ताबडतोब करता येण्यासारख्या आहेत. साठा, उपसा परवाने आणि प्रत्यक्ष उपसा यांची नोंद दर पंधरवड्याला गावच्या चावडीवर लावली जावी. पिण्याच्या पाण्याचा राखीव वाटा ऑक्टोबरातच निश्चित व्हावा, मार्चमध्ये नव्हे. आणि उरलेले पाणी पाणीवापर संस्थेमार्फत आठमाही पिकांना, काठापासून दूर असलेल्या शेतकऱ्यांनाही हिस्सा ठेवून, दिले जावे. चौथी गोष्ट मुंबई-दिल्लीच्या हातची आहे : तूर आणि सोयाबीन यांच्या खरेदीची खरीखुरी हमी. ती नसेल तर पहिल्या तिन्ही कागदावर राहतील, कारण भुकेच्या हिशेबापुढे नियम टिकत नाहीत.

दर निवडणुकीत मराठवाड्यावर पाण्याच्या आश्वासनांचा भडिमार होतो. कधी संपूर्ण विभागाला जोडणाऱ्या पाणी-ग्रिडचा, कधी समुद्राला जाणारे पाणी वळवून आणण्याचा. हा तोफखाना सवयीचा झाला आहे. त्याच्या आवाजात एक साधा प्रश्न ऐकू येईनासा होतो, तो असा की आज, या घटकेला, गावाजवळच्या बॅरेजमध्ये किती पाणी आहे आणि ते कोण उपसत आहे. पुढच्या २९ ऑक्टोबरला बाभळीचे दरवाजे खाली येतील, मांजरेवरचेही आलेले असतील. त्या दिवशी काठावर जमून हा प्रश्न विचारणे नांदेड-लातूरच्या शेतकऱ्यांना, शेतमजुरांना आणि नळाला पाणी येण्याची वाट पाहणाऱ्या नागरिकांना शक्य आहे. उत्तर मिळाले नाही, तर धरणे धरण्याची रीत या मातीला नवी नाही.